फॉर्मवर टॅटू न्हाय म्हटलं

फोनवर मी म्हटलं, "मी उद्या अकराला येतो," तर पलीकडनं पोरगी म्हणाली, "ओके सर, पेशंटचं नाव सांगा."

आमच्या कोल्हापूरकडं बाया बी आलो-गेलो, येतो-जातोच म्हणत्यात. माझी आई तसंच बोलायची, सासूबाई बी तसंच बोलत्यात, त्यात काय इशेष न्हाय. ती पोरगी दुसरीकडची असंल, तिला काय ठावं. पण मी फोन करत हुतो तो हनुवटीवरच्या केसांसाठी, आणि तिनं मला पयलाच शब्द सर म्हटला. फोन कानाला तसाच, दुसरा हात आपोआप हनुवटीवर गेला.

म्हटलं, "पेशंट मीच हाय. बाईमाणूस हाय मी."

"सॉरी सॉरी मॅडम," म्हणाली, आणि आलेलं हसू तिनं दाबलं ते मला ऐकू आलं.

मला पयल्यापास्नं केस नव्हते. लेक झाली, तिला आता चौथं लागलंय, ती झाल्यावर वजन वाढलं, पाळी मागंपुढं व्हायला लागली आणि हनुवटीवर एक केस आला, मग चार आले, मग मी बघायचंच सोडलं. सरकारी दवाखान्यात म्हणाल्या हार्मोनचं हाय, गोळ्या घे. घेतल्या. गल्लीत एक पार्लरवाली हाय तिच्याकडं दर आठवड्याला दोऱ्यानं काढून घ्यायचो, डोळ्यातनं पाणी यायचं, आणि चार दिवसांत परत खुंट. दोरा फिरवून फिरवून हनुवटी काळी पडली, तव्याच्या बुडागत.

आमी हुपरीत ऱ्हातो. हितं घराघरात चांदीचं काम चालतंय, आमच्या बी घरात हाय. मालक आगीवर चांदी जोडत्यात, मी आणि आत्ती, म्हंजे सासूबाई, पैंजणाला घुंगरं लावत बसतो. शेजारच्या दोघी-तिघी बी येत्यात कामाला. त्यातली एक म्हणायची, "वैनी, ब्लेड मालकांचं वापरतीस का तुझं निराळं हाय गं?" सगळ्या हसायच्या. मी बी हसायचो. आपण हसलं की लवकर मिटतंय.

पण एक दिवस लेक अंगणवाडीतनं आली आणि दप्तर टाकायच्या आधी मला म्हणाली, "आई, तू बाबा हाईस का?"

"का गं?"

"पोरं म्हणत्यात तुझ्या आईला दाढी हाय."

ती रडत नव्हती, तोंड बारीक नव्हतं, नुसती इचारत हुती, मी काय सांगतो ते ती खरं धरणार हुती. म्हटलं, "न्हाय गं बाळा, मी आईच हाय." ती म्हणाली, "बरं," आणि चुरमुरे खायला गेली. मी मात्र त्या दिवशी एकाच पैंजणाला दोनदा घुंगरं लावली, आत्तींनी काढाय लावली.

आता ठिपक्याचं सांगतो, त्याच्याबिगर पुढचं कळायचं न्हाय.

माझ्या हनुवटीच्या खालच्या अंगाला, जरा डावीकडं, एक गोंदलेला ठिपका हुता. मोहरीएवढा, हिरवट. माझ्या आईच्या बी बरोबर तितंच हुता. माहेर माझं गगनबावड्याच्या अलीकडं, तितल्या जत्रेत एक गोंदणारी बाई बसायची, सुयांची जुडी आणि वाटीत काळं-हिरवं पाणी घेऊन. मी सहा वर्सांचा असंन, आईनं मला मांडीत घेतलं, डोकं दोन्ही हातांनी धरलं. मी आरडाय लागलो तवा आई कानात म्हणाली, "फुंक. चूल फुंकतीस तशी फुंक. सुई लागली की फुंक सोडायची, आणि हालायचं न्हाय, हाललीस तर ठिपका वाकडा हुतोय, मग जलमभर वाकडा." मी फुंकत ऱ्हायलो. हाललो न्हाय. घरी येताना आईनं मला शेव-चुरमुरे घेऊन दिले आणि म्हणाली, "आता ह्यो तुझा. लगीन झाल्यावर अंगावरचं चांदी-सोनं कोण बी मागून घेईल, ह्यो कोण मागणार न्हाय."

आई माझ्या सातव्या महिन्यात गेली. ताप आला, तीन दिवसांत गेली. मला बघाय बी नेलं न्हाय, पोटुशी हुतो म्हणून. लेकीला आज्जी दिसलीच न्हाय. आईचा फोटू एकच, लग्नातला, त्यात पदर तोंडाफुडं आलाय. म्हणून मी लेकीला ठिपका दाखवायचो, "ही बघ आज्जी." तिला ते एवढं पटलं की दुपारचं झोपताना तिचं बोट तितंच लागायचं. बोट ठेवून म्हणायची, "आज्जी झोपली?" मी म्हणायचो, "झोपली." मग ती झोपायची. केस आल्यावर बी ती खुंटांतनं बोट घालून ठिपका हुडकायची, "आई, टोचतीस," म्हणायची, पण बोट काढायची न्हाय.

तर फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी यष्टीनं कोल्हापूरला गेलो. लेसरच्या मशीननं केस जाळायचा दवाखाना, वरच्या मजल्यावर, आत गार, सगळं पांढरं. फोनवरची पोरगी हीच. तिनं मला बघिटलं आणि लाजली, मी बी लाजलो. तिच्या हातात फॉर्म हुता, भराभरा इचारत गेली, मी आठवी शिकलोय, वाचाय येतंय, पण ती इतकी जोरात चालली हुती की मी नुसतं व्हय-न्हाय म्हणत गेलो. शुगर? न्हाय. बीपी? न्हाय. प्रेग्नंट? न्हाय. ओठावर पुळ्या उठतात का? न्हाय. कुठली ॲलर्जी? न्हाय.

"चेहऱ्यावर टॅटू?"

मला हसूच आलं. म्हटलं, "न्हाय ओ. आमच्यात कोण टॅटू काढतंय."

टॅटू म्हंजे माझ्या डोक्यात आमच्या गल्लीतली पोरं, दंडावर वाघ काढून हिंडत्यात ती. टॅटू दुकानात मिळतोय. आईनं मांडीत घेऊन केलेलं ते टॅटू कसं असंल? आणि ठिपका मला आठवला बी न्हाय, खरं सांगतो. आपल्याला नाक हाय हे कोण आठवून सांगतंय का.

डॉक्टरीणबाईंनी बघिटलं, पण सगळी हनुवटी काळपट आणि खुंटाडलेली, त्यात मोहरीएवढा जुना ठिपका त्यास्नी कुठनं दिसायचा. कानाखाली मशीनचा एक झटका देऊन बघिटला, कातडीला सोसतंय का म्हणून. मग कागद दिला आणि वाचून बी दाखवला. एक महिना दोरा नको, वॅक्स नको, चिमटा नको, मुळातनं केस निघाला तर मशीनला धरायला कायच ऱ्हात न्हाय. फक्त रेझर. आणि यायच्या आदल्या दिवशी साफ दाढी करून या.

"दाढी," मी म्हटलं.

"हो, शेव्ह करून. लांब केस असला तर वरच जळतो आणि जास्त चटका बसतो." मग त्या म्हणाल्या, "घाबरू नका. पाळीच्या आसपासचे दिवस टाळा, तेव्हा जास्त दुखतं. उपाशीपोटी येऊ नका. तासभर आधी आपण इथंच भुलीचं मलम लावू. आगीजवळ, उन्हात बसू नका."

आगीजवळ बसू नका म्हणाल्या आणि मी हुपरीचा. मालकांनी त्या महिन्यात भट्टी पत्र्याच्या पलीकडं नेली, कायबी न बोलता. तेवढं त्यांनी केलं.

त्यो महिना कसा काढला मलाच ठाऊक. स्टोल बांधून हिंडायचो. उकाड्यात कामाला येणारी म्हणायची, "काय गं, नवरी हाईस का, तोंड झाकून?" रात्रंदिवस एकच, किती दुखंल. मोबाईलवर बघिटलं, एक बाई म्हणाली रबर ताणून सोडल्यागत लागतंय, दुसरी रडतच हुती. मी हातावर रबर ताणून सोडून बघायचो. लेक बी बघून बघून तिच्या बाहुलीला रबर मारायला लागली, "दुकतंय का, दुकतंय का," इचारत.

आदल्या दिवशी मोरीत आरसा टेकवून रेझर फिरवत हुतो तर दार ढकलून आत्ती आत. माझ्या तोंडाला साबण. आत्ती बघत उभ्या. म्हणाल्या, "झालं. आता माझ्या घरात दोन दोन गडी." आणि दार लावून गेल्या. मी नळ सोडला मोठा, आणि रडून घेतलं. रडताना हात हालला, गालाला बारीक कापलं. तोंड धुतलं आणि बाहीर आलो तर लेकीनं हात फिरवला. "मऊ!" म्हणाली. मग लगीच ठिपका सापडला तिला, लई दिवसांनी साफ दिसला. "आज्जी! आज्जी बाहीर आली!" तिनं त्याचा पापा घेतला.

त्योच शेवटचा दिवस त्या ठिपक्याचा. तवा बी माझ्या ध्येनात आलं न्हाय. एवढं डोळ्यासमोर हुतं.

सकाळी भाकरी खाऊन गेलो, उपाशी नको म्हणाल्या हुत्या म्हणून दीड भाकरी खाल्ली. दवाखान्यात त्याच पोरीनं पांढरं मलम चेपून चेपून लावलं, वर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि बाकड्यावर बसवलं. तासभर. हळूहळू हनुवटी आपली न्हायच असं वाटाय लागलं. थुंकी गिळाय भीती वाटायची. पोरीनं टोकरून बघिटलं, "कळतंय?" "कमी कळतंय." "बास. चला."

पडलो. डोळ्यावर काळा चष्मा बांधला, सगळा अंधार. मलम पुसलं, गार जेल लावली. पोरगी म्हणाली, "मॅडम, जास्त दुखलं तर हात वर करायचा हं. लगेच थांबते मी. सोसत बसू नका." चांगली पोरगी हुती. मी तिला अजून बी नावं ठेवत न्हाय.

पयला झटका गालाकडच्या अंगाला. रबर न्हाय ते. मालक चांदी जोडत्यात तवा कवा कवा बारीक ठिणगी उडून मनगटावर बसती, तसं. मलमानं कमी झालं असंल, पण हाडापतोर गेलं. दुसरा. तिसरा. केस जळल्याचा वास. माझी बोटं गादीत रुतली, पाय ताठ. आणि मग माझं मला कळायच्या आत मी फुंकाय लागलो. चूल फुंकतात तसं, ओठांचा चंबू करून. झटका आला की फुंक. झटका आला की फुंक. आणि खरंच, सोसाय लागलं. श्वास धरून ठेवलं की जास्त लागतंय, सोडलं की कमी. बाकीच्या बायांनी हे ध्येनात ठेवा, कागदावर ते लिवलेलं नसतंय.

पोरगी म्हणाली, "वा मॅडम, मस्त श्वास घेताय, कुणी शिकवलं?"

मी फुंकतच ऱ्हायलो. हाललो बी न्हाय. मला आईचं हात डोक्याला दोन्हीकडनं लागल्यागत वाटत हुतं.

मग मशीन हनुवटीच्या खालच्या अंगाला आलं आणि एक झटका असा बसला की डोळ्यांफुडं त्या काळ्या चष्म्यात बी पांढरं झालं. ह्यो बाकीच्यांसारखा नव्हता. तापल्या सळीचं टोक टेकवल्यागत. हात वर करायचा हुता. हात वर करायला सांगिटलं हुतं. पण माझ्या कानात आईच, हालायचं न्हाय, हाललीस तर वाकडा हुतोय. मी फुंक सोडली. पोरीला वाटलं बाई सोसतीया. तिनं तिथंच, शेजारी चिकटून, दुसरा दिला. मी त्याला बी फुंक सोडली.

जेल पुसताना पोरगी थांबली. "हे काय आहे? मॅडम, हे इथं आधी काय होतं?" तिचा आवाज बदलला. पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

त्यांनी दिवा जवळ आणला. म्हणाल्या, "इथं टॅटू होता?"

"न्हाय," मी म्हटलं. "गोंदण हाय. आईनं काढलेलं."

दोघी एकमेकींकडं बघाय लागल्या. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "अहो ताई, तेच. टॅटू म्हणजे तेच. मशीनला केसाचा काळा रंग कळतो, तसाच ह्याचाही कळतो. सगळा चटका तिथंच गेला. म्हणून तर विचारतो आम्ही." मग म्हणाल्या, "पण आम्ही नीट विचारायला पाहिजे होतं. आणि बघायला पण." पोरगी भिंतीला टेकून उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. "तुम्ही हात का नाही वर केला?" म्हणाली.

मी इचारलं, "ठिपका ऱ्हातोय न्हवं पण?"

गार पट्ट्या ठेवल्या, मलम लावलं, घरी लावाय दिलं, फोड फोडू नका म्हणाल्या, खपली काढू नका, हळद न्हाय, कायबी न्हाय. तेवढ्यात मला आरसा दिला. ठिपक्याच्या जागी पांढरट फोड, वाटाण्याएवढा. आत काय हाय ते दिसत नव्हतं.

यष्टीत खिडकीकडं तोंड करून बसलो. शेजारी कुरुंदवाडची एक म्हातारी, तिला बदलायची हुती गाडी. तिनं दोनदा इचारलं, "काय झालं पोरी, भाजलं व्हय?" म्हटलं, "व्हय मावशी." "फोडणी उडाली?" म्हटलं, "व्हय." तिच्या हनुवटीवर तीन ठिपके हुते, उभे, ओळीनं. मला तिकडं बघवेना.

घरात पाऊल टाकलं तर आत्तींनी आधी तोंडच बघिटलं. "ही कसली दाढी करून आलीस गं?" सगळं सांगिटलं. आत्ती तडकल्याच. "अगं आठवी शिकलीस ना तू? डाक्टरीणबाईनं इचारलं तवा तोंड शिवलं हुतं व्हय?" मग बाही वर केली, मनगटावरची त्यांची गोंदलेली तुळस माझ्यापुढं धरली. "हे काय हाय? हे टॅटूच की. मला इचारायचं तरी, मी सांगिटलं असतं!" आरडतच आत गेल्या, आणि आतनं फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. माझ्याफुडं बसल्या, हनुवटीखाली धरून ऱ्हायल्या, हात अवघडला तरी. जरा वेळानं, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या आईचा हुता न्हवं त्यो." लगीन झाल्यापास्नं त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलेलं मला आठवत न्हाय.

लेकीला म्हटलं, आज्जीला बाऊ झालाय, हात लावायचा न्हाय. ती लई शहाणी. झोपताना बोट जवळ आणायची, टेकवायची न्हाय, हवेतच धरायची. फुंकर मारायची. "आज्जी, बरी हो." बारा दिवस. तेराव्या दिवशी आंघोळीत खपली हातात आली. मी ती टाकली न्हाय लगीच. तळहातावर घेऊन बघत बसलो, त्यात हिरवं काय हाय का. काळीच हुती, सगळ्याच खपल्या काळ्याच असत्यात. मग नळाखाली गेली.

आरशात बघिटलं. गुलाबी, चकचकीत, गोल. हिरवं कुठंच न्हाय.

दुपारी लेकीनं बोट ठेवलं. फिरवलं. उठून बसली, दोन्ही हातांनी माझं तोंड उजेडाकडं केलं. "आई, आज्जी न्हाय हितं."

"हाय की. तीच जागा हाय बघ."

"न्हाय. हितं कोणच न्हाय."

ती रडली न्हाय. चार-पाच दिवस हुडकत ऱ्हायली, मानेवर, कानामागं, एकदा माझ्या पायाच्या बोटांत बी. मग सोडलं तिनं. आता माझ्या कानाची पाळी धरून झोपती, आणि तितं ती आज्जी म्हणत न्हाय. नुसती पाळी धरती. मी एकदा म्हटलं, "आज्जी झोपली का गं?" तर डोळे मिटूनच म्हणाली, "कोण?"

केस मात्र कमी झाले, खरं हाय. पयल्याच बारीत निम्मे गळाले. आता अंगणवाडीत कोण काय म्हणत न्हाय. कामाला येणारी म्हणाली, "वैनी, गोरी झालीस की." मी हसलो. मोरीत आरशासमोर उभा ऱ्हायलो की मात्र मी आधी केस बघत न्हाय.

दीड महिन्यानं परत जायाचं हुतं. जाऊ नको वाटत हुतं, गेलो. अर्ध्यावर सोडलं तर गेलेलं तर गेलंच, आणि केस बी परत येणार. आत्ती म्हणाल्या, "जा. मी बघतो पोरीला." बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई बसलेल्या, माझ्यापेक्षा थोरल्या, हातात फॉर्म. तीच पोरगी त्यांच्याफुडं वाकून इचारत हुती, ह्या बारीला सावकाश. "मावशी, तोंडावर टॅटू नाहीतर गोंदण, एखादा ठिपका, काय पण आहे का? पदर जरा बाजूला करता?" आणि बोटानं त्यांची हनुवटी, कपाळ नीट बघिटलं. फॉर्मवर टॅटूच्या फुडं पेनानं गोंदण असं लिवलेलं मला दिसलं.

मग ती माझ्याकडं आली. माझ्याकडं बघून तिला ते इचारवेना. कागदावर बघत म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना विचारावं लागतं. चेहऱ्यावर गोंदण?"

"न्हाय," मी म्हटलं.

तिनं तसं लिवून घेतलं. मी आत जाऊन पडलो, तिनं चष्मा बांधला, आणि मशीन सुरू व्हायच्या आधीच मी फुंकाय लागलो.